पायरीवरची पांढरी पट्टी

अक्का गेल्या तेव्हा मी धुळ्याच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशीच होते, त्यामुळं बातमी मला कुणी सांगावी लागली नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला आणि ती पहिल्यांदाच कळल्यासारखं झालं. निधनवार्तेच्या पानावर अक्कांचा फोटो होता, खाली नाव, गाव, आणि मग ते दोन शब्द... 'वृद्धापकाळाने निधन'. अक्कांनी अजून साठी गाठलेली नव्हती. त्यांच्या वेणीत पांढरा केस शोधावा लागायचा. पापड लाटायला बसल्या की आम्हा दोघी जावांना त्या सहज मागं टाकायच्या. मी तो मजकूर पुन्हा एकदा वाचला, पेपरची घडी घातली आणि समोरचा चहा मोरीत ओतून दिला. आज काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे ती त्या दोन शब्दांमुळंच. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. अक्कांबद्दल मी चांगलंच बोलणार आहे, मागं राहिलेल्यांबद्दल तशी हमी देत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. मी जळगावची, शाळेत शिकवणारी. लग्न होऊन पारोळ्याकडच्या त्या गावात गेले तेव्हा पहिली नजर गेली ती घराच्या पायऱ्यांवर. ओट्याच्या, जिन्याच्या, मागच्या न्हाणीच्या... प्रत्येक पायरीच्या कडेला बोटभर रुंद चुन्याची पट्टी ओढलेली. मला वाटलं, लग्नघर म्हणून सजवलंय. पण दिवाळी आली आणि नाना, म्हणजे माझे थोरले दीर, स्वतः चुना कालवून, उकिडवे बसून पुन्हा त्या पट्ट्या ओढायला लागले. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आपली पद्धत शे ती. कुळनी." नानांची बायको त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. तिच्या माहेरी जेवायला गेलो तर तिथल्या पायऱ्यांनाही तशाच पट्ट्या. दुसरी पद्धत अशी, की दिवेलागणीनंतर या घरात कुठलंही कार्य करायचं नाही. मुलगी दाखवायची ती सकाळी, साखरपुडा दुपारी, आणि लग्नाला कुणी गोरज मुहूर्त सुचवला तर आमच्या देवीला चालत नाही म्हणून सांगायचं. देवी बिचारी काय बोलणार! मी शिकलेली खरी, पण नव्या सुनेनं किती प्रश्न विचारायचे यालाही एक पद्धत असते.

अक्कांचं लग्नही असंच भर दुपारी झालेलं. सासर सोनगीरचं. माणसं वाईट नव्हती, असं अक्का स्वतःच सांगायच्या. दिवसा सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी, गव्हातला खडा नेमका टिपणारी ही सून संध्याकाळ झाली की दारातल्या हंड्याला ठेचकाळायची, ओसरीत बसलेल्या सासऱ्यांच्या पायावर पाय द्यायची. कुणी बाजूनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर हात पुढं करायची नाही, कारण बाजूचं तिला दिसायचंच नाही. सासू म्हणाली, नाटकं करते. मग कुणीतरी माहेरची गोष्ट उकरून काढली, हिचे आजोबा म्हणे भिंत धरून चालायचे... आणि पहिलं वर्ष सरायच्या आत अक्का परत आल्या. नाना जाऊन त्यांना घेऊन आले. पुढं कितीतरी वर्षांनी, शेंगा फोडता फोडता, अक्का मला म्हणाल्या, "माले आंधयी शे म्हनीसन नही धाडं वं त्यास्नी. खोटी शे म्हनीसन धाडं." आंधळी म्हणून नव्हे, खोटी म्हणून परत पाठवली; लग्नाआधी सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित ठेवूनही घेतली असती, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नसे. पण त्यांना त्या 'कदाचित'चाच आधार होता, तो काढून घेणारी मी कोण?

सकाळी ओट्यावर बसून नानांना पेपर वाचून दाखवणं हे अक्कांचं काम. बारीक अक्षरसुद्धा त्या बिनचष्म्याचं वाचायच्या, आणि वाचून उठल्या की शेजारीच ठेवलेल्या पाटीला अडखळायच्या. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत, पेपर वाचता येतो आणि म्हणे दिसत नाही. अक्कांना सगळ्यात आवड निधनवार्तेची. "नाना, दखा, हाऊ बी वृद्धापकाळनाच," असं म्हणून मेलेल्याचं वय सांगायच्या, आणि दोघं भाऊबहीण मिळून हा खरंच म्हातारपणानं गेला की पोरांनी झाकलंय याचा निवाडा करायची. उठताना अक्का आधी पायाचा अंगठा पुढं सरकवायच्या, चुन्याच्या पट्टीवर नेऊन कड चाचपायच्या आणि मगच पाऊल खाली टाकायच्या. इतक्या सवयीनं, की नवख्या माणसाला ती चालण्याची ढब वाटावी.

चारेक वर्षांपूर्वी नानांना दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. गवंड्याला बोलावून झालं, गवंडी म्हणाला चौकट सरळ आहे, नानांनी त्याला शिव्या घातल्या. शेवटी मी त्यांना जळगावला डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं, आणि अक्कांनाही गाडीत बसवलं. आजवर त्यांना गावातल्या शिबिरात मोतीबिंदू आहे का एवढंच बघून परत पाठवत, आत डोकावून कुणी पाहिलंच नव्हतं. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून दोघांना बाकावर बसवून ठेवलं. मग एकेकाची हनुवटी त्या यंत्रावर टेकवून फोटो काढले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आम्हाला आत बोलावलं आणि दोघांचे फोटो शेजारी शेजारी पडद्यावर लावले.

मी आधी नानांचा पाहिला. निरोगी डोळ्याचा पडदा आतून केशरी असतो, पिकल्या पपईच्या गरासारखा. नानांचाही तसाच होता, फक्त मधोमध ज्वारीची कणी सांडावी तसे पिवळे ठिपके. "हे वयामुळं होतं," डॉक्टर म्हणाली. "मधली नजर जाते, कडेची राहते." अक्कांचा फोटो बरोबर उलटा. मध्ये बऱ्यापैकी रंग होता आणि सगळ्या कडेनं काळ्या रंगाच्या बारीक, फाटे फुटलेल्या खुणा, बाभळीच्या काटक्या विखुरल्यासारख्या. रक्तवाहिन्या दोऱ्याएवढ्या बारीक झालेल्या. मग तिनं अक्कांचा आणखी एक फोटो दाखवला, करड्या रंगाचा. त्यात मधोमध एक उजळ कडं दिसत होतं. कड्याच्या आतला पडदा अजून काम करतोय, बाहेरचा गेला, आणि हे कडं हळूहळू लहान होत जातं, असं तिनं सांगितलं. तिसऱ्या फोटोत पडद्याचा आडवा छेद होता, कांद्याचे पापुद्रे दिसावेत तसे थर. त्यातली एक पांढरी रेघ मध्यावर ठसठशीत आणि दोन्ही बाजूंना पुसून गेलेली. प्रकाश पकडणाऱ्या पेशींची ती रेघ. अक्का खुर्चीतून पुढं वाकून त्या कड्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "इतलामातूनच बठ्ठं दखस का मी?" त्यांनी विचारलं. डॉक्टरला खानदेशी बोली येत नसावी, पण एवढ्याशा कड्यातूनच सगळं बघते का मी, हे तिला कळलं. ती हो म्हणाली.

मग तिनं जे विचारलं त्यानं खोलीतली हवाच बदलली. "तुमचे आईवडील नात्यातले होते का?" सासूबाई सासऱ्यांच्या मामेबहीण होत्या, मी सांगून टाकलं. नाना खाकरले. डॉक्टरनं शांतपणे समजावलं, की अक्कांचं दुखणं वयाचं नाही, जन्माबरोबर आलेलं आहे, रक्तातून. दोन्ही बाजूंनी आलं की उतरतं, एकाच बाजूनं आलं तर माणूस ते नुसतं पुढं नेतो. माझ्या मुलाची काळजी करू नका म्हणाली, कारण मी नात्याबाहेरून आलेली. पण नानांचीही बायको नात्यातलीच हे कळल्यावर तिनं त्यांच्या मुलीचे डोळे एकदा तपासून घ्या असं सांगितलं. यावर औषध नाही, पण आधी कळलं तर माणूस आपलं काम, आपलं येणंजाणं त्या बेतानं ठरवू शकतो. नाना उठून उभे राहिले. "डाग मना बी डोयामा शेतस, तिना बी डोयामा शेतस," ते म्हणाले. "वय व्हयनं आमनं दोन्हीसनं. चला."

आणि झालं. नानांनी स्वतःचा फोटो, तो खरोखरच वयाचा होता म्हणून, गावभर दाखवला. बघा, डॉक्टरनंच लिहून दिलंय, आमच्या घरात वय झालं की डोळे असे होतात. एका डोळ्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या डोळ्याला लावायचं, हे सुचायला नानांसारखंच डोकं लागतं. अक्कांनी त्यांचे फोटो माझ्याकडे दिले, "तुनापाशी ठेव" म्हणाल्या. त्या पांढरी घडीची काठी वापरायला शिकल्या, मीच आणून दिली होती. वर्षभरात देवळापर्यंत, किराणा दुकानापर्यंत एकट्या जायला लागल्या. गाव बघायला लागलं तसे नाना अस्वस्थ व्हायला लागले. वयाच्या माणसाला साधी काठी पुरते, पांढरी कशाला?

नाना दुष्ट आहेत असं मी लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोट्याचा मला कंटाळा आलाय. सोनगीरहून बहिणीला घेऊन येताना वाटेत ते रडले होते, हे अक्कांनीच सांगितलं. घरातली कुठलीही वस्तू होता होईतो ते तिच्या वाटेत पडू देत नसत. पट्ट्या ओढायचं काम त्यांनी कधी गड्याला दिलं नाही. बहिणीसाठी सगळं केलं त्यांनी. फक्त तिला काय झालंय ते तोंडानं कधी म्हटलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू दिलं नाही.

यंदा मेघाचं लग्न ठरलं. मेघा नानांची एकुलती मुलगी, शिकलेली, हसरी. स्थळ धुळ्याचं, घर चांगलं. मुलगी बघायला अर्थातच सकाळी आले. ती मंडळी गेल्यावर भर ओसरीत अक्कांनी विषय काढला. मेघाच्या डोळ्यांचा फोटो आधी काढा, आणि काही निघालं तर त्या लोकांना आधी सांगा. मेघा माठाजवळ उभी होती, तिनं वर पाहिलं नाही. मला आठवलं, संध्याकाळी गाडी चालवायला आवडत नाही असं ती कॉलेजपासून म्हणत आली होती. नाना म्हणाले, "झाकी मूठ सव्वा लाखनी." अक्का म्हणाल्या, "मनी मूठ सोनगीरले उघडी पडनी, नाना. तव्हय कितला लाख भेटनात तुमले?" आमचे हे भावापुढं तोंड उघडत नाहीत, ते जमिनीकडं पाहत बसले. मी डॉक्टरचं नाव काढलं तर नाना मला म्हणाले, "मास्तरीनबाई, शाळा तठे शिकाडा." त्या दिवसापासून लग्नापर्यंत त्यांनी सकाळचा पेपर बहिणीकडून ऐकला नाही. समोर घेऊन बसायचे नुसता, मधली अक्षरं दिसत नसताना.

मुलाकडच्यांना हळद संध्याकाळी हवी होती. सगळ्यांनी पिवळे कपडे घालायचे, हिरवळीवर गाणी, रंगीत दिवे... हल्ली असतं तसं. कधी नव्हे ती देवी आडवी आली नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मुलगा म्हणे असल्या गोष्टी मानत नाही. धुळ्याच्या मंगल कार्यालयात गाडीतून उतरताना नानांनी अक्कांच्या हातातली पांढरी काठी काढून घेतली आणि सीटवर ठेवली. "व्याहीलोक शेतस," एवढंच म्हणाले. मी काही बोलणार तोच अक्कांनी माझा हात दाबला. मी त्यांना खुर्चीत बसवलं, हळदीची वाटी आणायला आत गेले. तेवढ्यात चौरंगावर बसलेल्या मेघानं हाक मारली, "आत्या, पहिली हळद तू लाव." परत पाठवलेल्या बाईला पहिली हळद लावायला सांगणं... आमच्याकडे हे कुणी केलेलं नाही. अक्का उठल्या. कुणाच्या हाताची वाट पाहिली नाही. निळा-तांबडा उजेड उघडमीट करत होता, हिरवळीवर उतरणाऱ्या पायऱ्या काळ्या गुळगुळीत दगडाच्या होत्या. मला नंतर मेघानं सांगितलं, आत्या कडेला थांबली होती, अंगठा पुढं सरकवून पट्टी शोधत होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मुहूर्तावर, लग्न लागलं. अक्का दवाखान्यात बेशुद्ध, मी त्यांच्याजवळ. पाहुण्यांना सांगितलं, वय झालंय, तोल गेला. पाठवणी झाल्यावर नाना आले, बहिणीच्या पायाशी बसले. मधलं दिसत नाही म्हणून तिचा चेहरा बघायला मान तिरकी करत होते, डोळ्यांच्या कडेनं. दोन-तीन दिवसांत सगळं आटोपलं.

दहाव्याला मी तो पेपर घेऊन गेले. घाटावरून आल्यावर नाना ओट्यावर बसले होते, नेहमीच्या जागी. मी त्यांना विचारलं, वाचून दाखवू का? आणि उत्तराची वाट न पाहता वाचलं. 'वृद्धापकाळाने' या शब्दावर थांबले आणि विचारलं, "नाना, आता निवाडा करा. ही म्हातारपणानं गेली, की झाकलंय?" त्यांनी तोंड समोरच्या पायरीकडं वळवलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना मास्तरीनबाई. पोर नवी शे तठे." मला त्यांची कीव आली आणि तितकाच संताप आला. दोन्ही अजून गेलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मेघाला भेटायला धुळ्याला गेले. घर नवं, प्रशस्त, जिना काळ्या दगडाचा. आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावलेली, अगदी सरळ. तिच्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्याकडची पद्धत ना ही? मेघानं आल्या आल्या लावली. कुळाची असते, शुभ असते म्हणाली." सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आत्याबाईंचं फार वाईट झालं. पण वय झालं की तोल जातोच." चांगली माणसं आहेत. सोनगीरचीही चांगलीच होती. मी चहा घेतला, खालमानेनं.

निघताना दिवस कलला होता, फाटकावरचा दिवा अजून लागायचा होता. मेघा मला सोडायला आली. ओट्याच्या पहिल्या पायरीशी ती थांबली, बोलता बोलता तिचा अंगठा पुढं सरकला, पट्टीवर टेकला, आणि मग तिनं पाऊल खाली टाकलं. फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "काकू, तू आत्यावर लिहिणारेस ना? सगळं लिही. माझंसुद्धा. मला तोंडानं सांगायला जमत नाहीये गं. दोनदा ह्यांच्यासमोर बसले, दोनदा उठले." मी म्हटलं, अगं, पेपरात येईल ते. "आमच्याकडे रविवारची पुरवणी येते," ती म्हणाली. "सासरे मोठ्यानं वाचतात."

तर भाऊसाहेब, तुम्ही आत्ता हे मोठ्यानं वाचत असाल आणि मेघा स्वयंपाकघराच्या दारात उभी असेल. अक्का वयानं गेल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, कधीही दाखवीन. मेघाचे अजून काढलेले नाहीत. स्वच्छ निघतीलही. नाही निघाले तर तुम्हाला आधी सांगितलं नाही हे खोटं आमच्या घराचं आहे, त्या पोरीचं नाही. तिला मी जळगावच्या डॉक्टरकडे नेणार आहे, सोबत तुमच्याकडचं कुणी यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रागवायचं तर माझ्यावर रागवा. फक्त पायऱ्यांवरची ती पट्टी काढू नका. ती शुभ-बिभ काही नसते, दिसावं म्हणून असते. आमच्याकडे दर दिवाळीला नवी ओढतात.